आयत्या वेळचा विषय

एखादी गोष्ट वाईट आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं की ती निम्मी संपते. उरलेल्या निम्मीसाठी समिती नेमावी लागते. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या आमच्या डनमोर गावात वंशभेदाचं नेमकं हेच झालं.

आमची दोन चर्च एकाच टेकडीवर आहेत. गोऱ्यांचं कॅल्व्हरी आणि काळ्यांचं माउंट नीबो. देव एक, बायबल एक, रविवारची अकराची वेळही एक. (वेळ एकच असल्यामुळे दारं दोन लागतात, असा खुलासा पूर्वी देत असत.) चार वर्षांपूर्वी दोघांनी मिळून 'वंशभेद निर्मूलन संयुक्त समिती' स्थापन केली. चिटणीस म्हणून मला, म्हणजे कॅल्व्हरीच्या हॉलिस प्रुइटला, एकमताने निवडलं. माझं अक्षर चांगलं आहे, आणि मला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही.

समितीचं काम दृष्ट लागण्यासारखं आहे. चार वर्षांत एकेचाळीस बैठका. वंशभेदाचा निषेध तीनदा. (तिसऱ्या वेळी 'तीव्र' हा शब्द घातला, त्यात दोन बैठका गेल्या.) आमचे पाद्री नीबोत जाऊन पंधरा मिनिटं बोलले, त्यांचे आमच्याकडे येऊन पन्नास मिनिटं बोलले, आणि आमच्या लोकांनी घड्याळाकडे पाहिलं तेसुद्धा बंधुभावाने. पूर्वजांच्या पापांबद्दल क्षमा मागायचा कार्यक्रम झाला, त्यात मी इतका रडलो की नीबोच्या दोन बायकांना माझ्यासाठी पाणी आणायला धावावं लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला फार हलकं वाटत होतं.

बैठकीत शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असत, मग प्रार्थना, मग तळलेली कोंबडी. पहिल्याच बैठकीत या सदराखाली मिस व्हर्लीन टॉलिव्हर वॉकरला धरून उभ्या राहिल्या. वय ब्याऐंशी, नीबोच्या सगळ्यात जुन्या सभासद. (आमच्याकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात.)

"हॉलिस, बाबा, माझा एक बारकासा विषय आहे."

"बोला ना, मिस व्हर्लीन."

"ते कुंपण काढा."

टेकडीमागे कबरस्तान आहे. पुढचं गोऱ्यांचं, मागचं काळ्यांचं, मधे तारेच्या जाळीचं कुंपण. कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. मागच्या भागात जायचं तर ओढ्याकाठून पाऊण मैलाचा वळसा, आणि पाऊस झाला की गुडघाभर चिखल.

"माझा नवरा, रूफस, तिकडे आहे," त्या म्हणाल्या. "सरळ वाटेनं गेलं तर शंभर पावलं. ओढ्याकडून मला नाही जमत रे आता. कुंपण राहू दे हवं तर, फाटक तेवढं उघडा. पाय आहेत तोवर जाऊन येईन."

सगळ्यांचे डोळे पाणावले. पण कोंबडी गार होत होती. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

तो चार वर्षं ढकलला. कारणं सबळ होती. कुंपण वंशभेदाचं नसून गुरांसाठी आहे, असं टिपण मीच लिहिलं. (पन्नास वर्षांत टेकडीवर गाय फिरकलेली नाही, हे कुंपणाचं यश.) मग कुणीतरी म्हणालं, फाटक उघडलं तर ते बंद होतं असं कबूल केल्यासारखं होईल. आणि बंद होतं, तर कुणी केलं? यावर उपसमिती नेमली. कुणी केलं हे मला ठाऊक होतं. माझ्या आजोबांनी. किल्ली आमच्या स्वयंपाकघरात फोनशेजारच्या खिळ्याला असते. रोज सकाळी कॉफी करताना मला ती दिसते.

एकदा मिस व्हर्लीन भर बैठकीत म्हणाल्या, "हॉलिस, तू पाच वर्षांचा असताना तापानं फणफणला होतास, तेव्हा तुमच्याकडचं काम उरकून घरी निघालेल्या मला तुझ्या आईनं अर्ध्या वाटेवरून बोलावून आणलं होतं, तुझ्या उशाशी बसायला. तेव्हा काही ठराव नव्हता केला हो कुणी."

सगळे हसले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदस्यांनी विनोदाचा आस्वाद घेतला.'

यंदा मार्चमध्ये मिस व्हर्लीन गेल्या. तीन दिवस पावसाने झोडपलं होतं. त्यांच्या मुलीचा, अर्नेटाचा, फोन आला.

"मिस्टर हॉलिस, परवा आईला न्यायचंय. ओढ्याची वाट वाहून गेलीय. तेवढं फाटक उघडता का?"

"अर्नेटा, अगं, माझ्या हातात असतं तर..."

हातातच होती. बोलता बोलता मी ती खिळ्यावरून काढून मुठीत घेतली होती. खोटं कशाला बोलू?

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. ते 'बरं' अजून माझ्या कानातून जात नाही.

मी हात बांधून बसलो नाही. दुसऱ्याच दिवशी तातडीची बैठक बोलावली. गणपूर्तीला अकरा जण लागतात, दहा आले. अकरावी एकही बैठक न चुकवणारी सभासद होती, मिस व्हर्लीन.

अंत्ययात्रा ओढ्याकडूनच गेली. शववाहिका चिखलात रुतली. तेव्हा काळ्या-गोऱ्या आम्ही सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून ती ढकलली. माझे रविवारचे बूट कायमचे गेले. कुणीतरी त्याचा फोटो काढला, तो पेपरात पहिल्या पानावर आला, आणि राज्यातल्या चर्चच्या अधिवेशनात आम्हाला एकोप्याचं मानपत्र मिळालं. ते मी स्वीकारलं. कुंपण नसतं तर ते मिळालं नसतं, हेही नमूद करायला हवं.

बेचाळिसाव्या बैठकीत पहिलाच विषय मिस व्हर्लीनचा होता. चार वर्षांत प्रथमच. फाटकाला 'व्हर्लीन टॉलिव्हर स्मृती फाटक' असं नाव द्यायचं एकमताने ठरलं. पितळी पाटी मी स्वतः बसवली, चांगली दोन्ही झडपांवर आडवी, आठ बोल्ट पिळून. अर्नेटा पलीकडून बघत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "आता किल्ली असूनही उघडणार नाही."

ही तांत्रिक अडचण आयत्या वेळच्या विषयांत घेतली आहे.

तुम्हाला आमचं हसू आलं असेल. हसा खुशाल, आम्ही आहोतच तसे. तुमच्या गावात मसणवटा सगळ्यांचा एकच असेल. आणि समजा नसला, तर काळजी करू नका. ठरावाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, फक्त गावाचं नाव बदलायचं. किल्ली कुणाच्या घरी आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच.