दांडीवरची सलाईन

सलाईनचा स्टँड काही आला नाही, आणि खोलीत तेवढ्या उंचीवर जागा एकच होती, कपडे वाळत घालायची दांडी. तात्यांनी ती स्वतः कप्प्या लावून छताला बसवली होती. दोरी सोडली की खाली, ओढली की वर. नर्स मनवाने तिच्यावर औषधाची बाटली अडकवली तेव्हा पाय सुजलेला असूनही तात्यांची छाती फुगली.

"हॉस्पिटलात तरी आहे का अशी सोय?"

तात्यांच्या पायाच्या हाडात जंतू शिरले होते. हॉस्पिटलात आठ दिवस काढल्यावर डॉक्टरांनी उरलेले चौदा दिवस शिरेतलं अँटिबायोटिक घरीच द्यायचं कबूल केलं, पण जरा गडबड झाली की परत भरती. तात्यांना हॉस्पिटलाची भीती नव्हती. डबा घेऊन लालबागच्या चाळीचे तीन जिने दोनदोनदा चढणारे बायकोचे, ललिताबाईंचे गुडघे त्यांना बघवत नव्हते. हे अर्थात ते बोलले नाहीत. लोकांसमोर ते हॉस्पिटलातल्या गादीलाच नावं ठेवत.

दुसऱ्या दिवशी सलाईन लावून मनवा फोन घ्यायला गॅलरीत गेली आणि ललिताबाई धुण्याची बादली घेऊन आत आल्या. इतक्या वर्षांची सवय, हात आपसूक दोरीकडे गेला. दांडी डुलत डुलत कॉटच्याही खाली आली आणि नळीत रक्त उलटं चढू लागलं.

"अगो, वर घे! वर!"

"थांबा हो, टॉवेल तरी घालू द्या."

"माझं रक्त चाललंय गो!"

ललिताबाईंनी पाहिलं मात्र, सगळा जोर लावून दोरी ओढली. बाटली वर गेली, ओला टॉवेलही गेला आणि तात्यांच्या टकलावर पाणी ठिबकू लागलं. तेवढ्यात मनवा आत आली.

"दांडी कुणी हलवली?"

"मी," तात्या म्हणाले. "जरा व्यायाम."

"एका हाताला सुई असताना? आणि टॉवेल पण तुम्हीच घातला?"

"हो."

"खोटं बोलतायत ते. मीच सोडली दोरी." ललिताबाईंचे डोळे भरले. "पण ह्यांना परत नको गो नेऊस, बाय. घर खायला उठतं मला."

तात्या त्यांच्याकडे बघतच राहिले. गुडघ्यांबद्दल अवाक्षर नाही!

मनवाने नळी तपासली, डॉक्टरांना फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं. तात्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"चालेल म्हणाले. पण सलाईन संपेपर्यंत दोरी आजींच्या हातात. जागेवरून उठायचं नाही."

"तासभर? नुसतं बसून?" ललिताबाई हबकल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, नवऱ्याजवळ तासभर बसायला त्यांना फुरसत झाली नव्हती.

पण बसल्या. पहिल्या दिवशी चुळबुळत, दुसऱ्या दिवशी गवार मोडत, मग चक्क गप्पा मारत. औषध हळू पडलं तर बरं, असं तात्यांना वाटायला लागलं.

पंधराव्या दिवशी हाताला सुई नव्हती. रोजची सलाईनची वेळ, दहा वाजले, तशा ललिताबाई बादली घेऊन उठल्या. तात्यांनी लंगडत जाऊन आपला सुका सदरा दांडीला अडकवला, दांडी वर ओढली आणि दोरीचं टोक त्यांच्यापुढे धरलं.

"हे काय आता?"

"तू बस गो. हा सदरा संपायला तासभर लागेल."

ललिताबाईंनी बादली खाली ठेवली आणि दोरी हातात घेतली.