गोजराबाईसाहेबांच्या मेणवेलीची बखर

श्री. ज्याने मुळास अंधार आणि कळीस उजेड वाटोन दिला, त्यास नमन करोन लिहितो. शके १७०२, शार्वरी नाम संवत्सरे, वैशाख मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिले असता दिवाणजींस राग येईल, ऐसे वर्तमान जाहले.

महाराजांच्या धाकट्या राणी गोजराबाईसाहेब मागल्या महाली राहात, आणि त्यांच्या खिडकीपाशी कुंडीत मेणवेल होती. दर्यापारच्या व्यापाऱ्याने ती नजर केली होती, आणि साऱ्या दौलतीत तैसी दुसरी नव्हती, आणि फुले मेणाची घडविल्यासारखी येतात म्हणोन त्याने शपथ वाहिली होती. परंतु वर्षांमागे वर्षे गेली, येती ती पानेच. मग थोरल्या राणीसाहेब भरल्या पंगतीत बोलिल्या, "धाकटीस मूल नाही, वेलीस फूल नाही. जोडी बरी जमली." ते बोलणे बाईसाहेबांच्या काळजात रुतले. पुढे एके साली कळ्या धरल्या, आणि हर्षाचे भरात बाईसाहेबांनी कुंडी फिरवोन उजेडाकडे केली, आणि कळ्या झाडोन गळाल्या. तेव्हां त्यांस उमजले की कळी धरली म्हणजे ही वेल जागा सोडीत नाही.

या साली पुन्हा घोस लागले, आणि नेमका शेजारील राजाचा एलची दरबारी यावयाचा ठरला. महाराजांनी फर्माविले, वेल आणोन सिंहासनाशेजारी मांडावी. मग दिवाण हरबाजीपंत भोई घेऊन आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, चार घटकांचा प्रश्न. नेतो आणि आणोन ठेवितो."

"पंत, बाळंतीण होऊ घातलेलीस डोलीत घालोन गावभर मिरवाल काय?"

"हुकूम महाराजांचा आहे."

"तो आम्हांस आहे. कळीस नाही."

पंत लाल होऊन गेले, आणि मग महाराज स्वतः तावातावाने आले आणि कुंडीस हात घालोन ओढिते जाहले. वेलीने गजांस विळखे घातले होते, तेणेकरोन एक घोस तुटोन त्यांच्या पायांपाशी पडला. बाईसाहेबांस रडू आले नाही, संताप आला. कुंडीस मिठी घालोन म्हणाल्या, "एक गेला. बाकीचे न्यावयाचे तर आधी आम्हांस उचला. आमचे उणे लोकांनी बहुत काढिले, मुकाट ऐकिले. हिचे ऐकणार नाही!"

महाराजांचे हात सुटले. हळूच म्हणाले, "मग एलचीस दाखवावे काय?"

"त्यास पाय आहेत ना? येथे यावे म्हणावे."

सायंकाळी घोस उमलले आणि सुवास चौकापर्यंत गेला, आणि एलची आला, आणि मानकरी आले, आणि खोलीत दाटी जाहली. महाराजांनी बसावयास पाट मागितला. बाईसाहेब म्हणाल्या, "पाट एकच. तो कुंडीखाली आहे."

सारांश, त्या सायंकाळी वेल पाटावर आणि दौलत भुईवर बसली. थोरल्या राणीसाहेब दारापर्यंत आल्या; त्यांस बाईसाहेबांनी 'या' म्हटले नाही. लिहिले तितके घडले.