काजू, शेंगदाणे आणि कुमुदमावशी

कुमुदमावशी चुकलेल्या खेळाडूला खाऊन टाकतात.

अतिशयोक्ती नाही. शनिवारी दुपारी अमेरिकन फुटबॉलची मॅच लागली की त्या टीव्हीसमोरच्या टेबलावर दोन वाट्या आणून ठेवतात. काजू म्हणजे आपली टीम, शेंगदाणे म्हणजे समोरची, आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे एक खारीक. पडद्यावर जे घडेल ते टेबलावर मांडायचं, आणि ज्या काजूच्या हातून पास सुटला त्याला उचलून कचाकचा चावायचं. "मेला. पुढचा." टीम हरली की मावशी रात्री जेवत नाहीत. सुरुवातीला मला वाटायचं, दुःखाने. पण त्यांचं पोटच भरलेलं असतं.

मी जालन्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अमेरिकेत ॲन आर्बरला मास्टर्सला आले तेव्हा इथे कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, हे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी सगळ्यालाच हो म्हणत गेले. मावशींच्या बेसमेंटमधली खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "धावता येतं?" शाळेत खो-खो खेळायचे, असं मी भीतभीत सांगितलं. "मग खोली तुझी," त्या म्हणाल्या, आणि माझं नाव न विचारताच आत गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'जालना' आहे. इथल्या मराठी मंडळाच्या फुटबॉल टीममध्ये चेंडू फेकणारा सॉफ्टवेअरवाला 'नागपूर' आहे.

मावशी हाडांच्या डॉक्टर. आता रिटायर झाल्यात, काका गेल्यापासून एकट्याच राहतात. त्यांना राग यायला कारण लागत नाही. पिकलेल्या केळ्यांचा येतो, बस थांबल्याबरोबर उठून उभं राहणाऱ्यांचा येतो. गेल्या हिवाळ्यात अंगणात बर्फावर घसरून त्यांचं मनगट मोडलं, तर प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरलाच त्यांनी तासभर झापलं. पण सगळ्यात जास्त राग चेंडू हातात धरून उभ्या राहणाऱ्या क्वार्टरबॅकचा. "अरे फेक ना! लग्नाची बोलणी करतोयस का?"

मंडळाच्या पिकनिकला दर वर्षी ॲन आर्बर विरुद्ध जवळचं ट्रॉय शहर अशी मॅच असते. पाडापाडी नाही, कमरेला पट्ट्या बांधून खेळायचं, पट्टी ओढली की खेळाडू थांबला. आमच्या कोच मावशी. ट्रॉयचा कॅप्टन त्यांचा मुलगा, अनिरुद्धदादा. आणि ॲन आर्बर आजवर एकदाही जिंकलेलं नाही.

दादा इथेच जन्मला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. मनगट मोडल्यापासून त्याचं एकच पालुपद. सप्टेंबरमध्ये एका रविवारी तो आला आणि पाणीही न पिता म्हणाला, "आई, इनफ. माझ्याकडे राहायला ये. खालची बेडरूम रिकामी आहे."

"मी काय सोफा आहे, रिकाम्या खोलीत ठेवायला?"

"तू पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन!"

"आई, धिस इज नॉट अ डिस्कशन."

मावशींनी टेबलावर हात आपटला. शेंगदाण्यांची सगळी फळी उधळली. "पिकनिकची मॅच हरले तर येते. जिंकले तर हा विषय मी मरेपर्यंत काढायचा नाही. बोल!"

दादा हसला. "डन. आई, तू कधीच जिंकली नाहीयेस."

तो गेल्यावर मावशी स्वयंपाकघरात उगाच भांडी आदळत राहिल्या. या घराची परसबाग काकांनी लावली होती. मावशींना इथून हलायचं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. "स्लँट. तीन पावलं सरळ, मग तिरकं आत. कर्ल. सरळ पळायचं, थांबायचं, गर्रकन मागे वळायचं. चेंडू तू वळायच्या आधीच निघालेला असतो."

"मावशी, आणि मी वळलेच नाही तर?"

"तर डोक्यात बसेल. म्हणून वळायचं."

तिसरा डाव मला लगेच जमला. आत तिरकं वळल्याचं सोंग करायचं, समोरचा तिकडे झेपावला की सरळ पुढे सुटायचं. खो-खोत आम्ही याला हूल देणं म्हणतो. मी परसात कढीपत्त्याच्या कुंडीला हूल दिली तेव्हा मावशी पहिल्यांदा हसल्या. मग लगेच ओरडल्या, "कुंडी काय, कुणीही फसेल! पुन्हा!" आणि एक गोष्ट त्या रोज बजावायच्या. समोरच्यांत जो दमलेला, जो लंगडणारा, त्याच्याच बाजूला चेंडू टाकायचा. "दयामाया देवळात."

पिकनिकच्या दिवशी माझ्यासमोर नेमका दादाच उभा राहिला. पहिल्याच डावाला मी आत वळले, तो माझ्यामागे वळला, पण मागे पडला. चेंडू माझ्या हातात आला. मी कितीतरी पुढे गेले. आमची माणसं नाचायला लागली. मी मावशींकडे पाहिलं. त्या काहीतरी ओरडायला तोंड उघडून तशाच उभ्या होत्या.

त्यानंतर एकही चेंडू माझ्याकडे आला नाही.

"उजवीकडे!" मावशी ओरडायच्या. पुन्हा "उजवीकडे!" मी डावीकडे होते. मी स्लँट धावले, कर्ल धावले, दर वेळी मोकळी, दर वेळी हात वर. उजवीकडचा आमचा माणूस चेंडू सोडत होता, आणि तरी मावशी तिकडेच बोट दाखवत होत्या. महिनाभर कुंडीला हूल दिली ती कशाला?

शेवटचा डाव. एक स्कोअर झाला की जिंकलो. नागपूर मावशींपाशी धावत गेला. "मावशी, दादा धावतच नाहीये यार! जालनाला टाकतो, आपण जिंकलोच!"

"उजवीकडे."

"अहो पण मावशी..."

"डावीकडे टाकलास ना, तर काजू आणायला घरी जाणार नाही, तुलाच खाईन."

मी हूल दिली. दादा जागेवरच राहिला. पुढे सगळं मैदान माझं एकटीचं होतं. मी धावताना वळून पाहिलं, तर चेंडू उजवीकडे गेला होता, आणि गवतावर पडला होता.

ट्रॉयवाल्यांनी ढोल वाजवला. मी सरळ मावशींच्या गाडीपाशी गेले. मोठ्या माणसांशी मी आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

"मी मोकळी होते!"

"दिसत होतं मला."

"मग? तुम्हीच म्हणता ना, लंगडणाऱ्यावर टाका? तुमचं घर गेलं, मावशी! मुद्दाम हरायचंच होतं तर मला कशाला पळवलंत?"

"ओरडू नकोस, जालना." त्या दात आवळून बोलत होत्या, आणि तो राग माझ्यावर नव्हता. "पहिल्या डावाला तो तुझ्यामागे वळला, तेव्हा डावा पाय टेकताना दचकला. गुडघ्यातली गादी फाटलीय. आजची नाही, जुनी आहे. गाढवाने मला सांगितलं नाही. तुझ्याकडे चेंडू गेला असता तर जीव खाऊन तुझ्यामागे वळला असता, पुन्हा पुन्हा, आणि तो गुडघा कायमचा गेला असता."

"मग त्याला सांगायचं ना, बाहेर बस म्हणून."

"बसला असता? कुणाचा मुलगा आहे तो?"



तेवढ्यात दादा आला. पाय अगदी सरळ टाकायचा प्रयत्न करत. "सो, आई! ट्रक घेऊन कधी येऊ?"

"उद्या. आणि माझ्या सामानाला तू हात लावायचा नाहीस, माणसं बोलव. तुझ्या घरात जिने किती आहेत?"

"तुला काय करायचंय जिन्यांचं? तुझी खोली खाली आहे."

"तूसुद्धा खालीच झोपायचंस. मला एकटीला भीती वाटते."

दादाने माझ्याकडे बघून डोळा मारला. "बघ, हरली की कशी होते. कधीची सांगतोय, एकटी राहू नकोस."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

"तू माझ्याच घरात राहा," त्या मला म्हणाल्या. "घर विकत नाहीये मी. झाडांना पाणी घाल. माझी गाडी नागपूर घरी नेईल, मी याच्या गाडीतून जाते." मग दादापुढे हात केला. "किल्ली."

"आई, कार माझी आहे."

"माझं मनगट बरं झालंय, हे बघायचंय मला. किल्ली दे म्हटलं ना!"

दादाने हसत किल्ली दिली. मावशींनी पलीकडचं दार उघडलं, आत वाकल्या आणि ड्रायव्हरशेजारची, दादा बसणार होता ती सीट जितकी मागे जाईल तितकी मागे सरकवली.