आधी वाईट

नाना गायधनी दारात आले की नमस्काराच्या आधी नुकसान सांगतात. "वहिनी, आधी वाईट. मिक्सरचं भांडं चेपलंय, कपाटाचा आरसा गेलाय. आता चांगलं. बाकी सगळं आलंय." मूळचे नाशिकचे, एअर फोर्समधून निवृत्त. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा सामान हलवायचा धंदा आहे, आणि आम्हा बदलीवाल्या मराठी घरांची भांडीकुंडी त्यांच्याच ट्रकमधून फिरतात. कुणी "कसे आहात" विचारलं, तरी ते आधी गुडघ्याचं सांगतात आणि मग, भूक बरी लागते म्हणतात.

गेल्या वर्षी क्वार्टर मिळेपर्यंत आमचं सामान त्यांच्या गोदामात होतं. ते घरी यायचं त्याच सकाळी गोदामावरची पाण्याची टाकी फुटली. आमच्यासकट तीन घरांचे खोके भिजले. भागीदार गिलजी धंद्यात मुरलेले. ते म्हणाले, "कह दो जी, ट्रक झिरकपूर में फँसा है." शहराच्या वेशीवरचा तिथला जाम असा की कुणीही विश्वास ठेवला असता.

नानांनी ऐकलं नाही. आम्हा बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते एकटेच पुरुष. तिथे त्यांनी भिजक्या खोक्यांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, टाकी आमची, चूक आमची, जे वाळेल ते वाळवून देतो, नाही ते भरून देतो. मग तिन्ही घरी जाऊन बोलणी खाल्ली. माझी जरा जास्तच, कारण एका खोक्यात माझ्या आईचा शेवटचा फोटो होता.

धंदा बुडाला, असं मी धरूनच चालले होते. पण माणसाने स्वतःचं सगळं वाईट स्वतःच सांगून टाकल्यावर आम्हाला मागून बोलायला काही उरेचना. सामान वाळेपर्यंत ग्रुपमधल्या दोघींनी आपलं बदलीचं सामानही त्यांच्याच हवाली केलं. मी थक्क झाले, पण राग काही गेला नव्हता.

फोटो आणायला मी तणतणतच गोदामात गेले. आत दोऱ्याच दोऱ्या. त्यांवर तीन घरांची लग्नं, बारशी, सहली चिमट्यांनी टांगलेल्या, आणि सत्तरीचे नाना एकेक फोटो कापसाने टिपत होते. मी भांडायचंच विसरले.

"वहिनी, आधी वाईट. आईंचा चेहरा गेला." त्यांनी फोटो पुढे केला. "हात राहिलेत."

शेंगा सोलणारे आईचे हात. बांगड्यांसकट.

मी फोटो हातात घेतला, तसे ते स्वतःचं बोलू लागले. त्यांच्याही एका बदलीत ट्रंक हरवली होती. ट्रान्सपोर्टवाले महिनोन्‌महिने "आ रही है जी" म्हणत राहिले. बायकोचे सगळे फोटो तिच्यात होते, आणि ट्रंकेची वाट बघता बघताच बायको गेली.

"हरवली म्हणून कुणी सरळ सांगितलं असतं," नाना म्हणाले, "तर हिचा एक नवा काढून घेतला असता."

"कशा दिसायच्या हो त्या?" मी विचारलं आणि समोरच्या खोक्यावर बसले.

नाना सांगू लागले.