हमीदभाईंची तीन तुकड्यांची वाक्यं

हमीदभाईंना ‘जेवलात का’ असं विचारलं, तर ते नुसतं हो म्हणत नसत. ‘हमीद. जेवला. वांग्याची भाजी,’ असं प्रत्येक तुकड्यापाशी थांबून सांगत. बल्लारपुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ भिंतीला भिंत लागून. रोज ऐकून ऐकून मीही घरी तसंच बोलायला लागलो. बायकोने एकदा मला तीनच तुकड्यांत असं काही सुनावलं की सवय सुटली.

या खुळाचं मूळ त्यांच्या भाच्याने नागपूरहून आणलेल्या एका सीडीत होतं. ढीगभर मजकुरातून हवा तो शब्द शोधून देणारं सॉफ्टवेअर होतं ते. लोक त्यात पुस्तकं भरत, अहवाल भरत. हमीदभाईंनी त्यात गाव भरलं. प्रत्येक गोष्टीचं एक वाक्य आणि वाक्याचे तीन तुकडे: कोण, काय, कोणाचं. ‘शंकर – रक्त – ओ पॉझिटिव्ह.’ ‘शंकर – साळा – मारोतीचा.’ ‘मारोती – फोन – बसस्टँडवरचा पानठेला.’ एका वाक्याचं शेपूट धरून दुसरं शोधायचं, दुसऱ्याचं धरून तिसरं. रात्र असो, दिवस असो, रक्त हवं असलं की लोक आधी त्यांच्याकडे येत.

मी एकदा शहाणपणा केला, याला सरळ रकाने आखून तक्ता करतात म्हणालो. त्यांना माझी कीव आली. “भाऊ, रकाने आधी आखा लागते. उद्या कोन कोनाचा कोन होईन, हे मले आज काय मालूम?”

लग्नाच्या पंगतीत ते नवरीच्या मामाला गाठून ‘कोन, काय, कोनाचं’ सुरू करत आणि वाढपी दया येऊन मामाच्या पानात जास्तीची बुंदी टाकून जाई. पण एक नियम कडक होता. मशीनमध्ये खोटं नको. कोणी नोकरी सोडली, कोणी गाव सोडलं, कोणी जग सोडलं, की ते वाक्य त्याच दिवशी खोडायचं.

एवढ्या टापटिपीच्या माणसाची मशीन मात्र बैलबंडीसारखी चाले. कारण त्या सॉफ्टवेअरची एक रीत होती. खोडलेल्या वाक्यावर फक्त फुली बसे. शोधलं तर ते दिसत नसे, पण आत जागा अडवून पडून राही. सफाईचा हुकूम दिला की मगच ते कायमचं जाई. हमीदभाई तो हुकूम देतच नसत. मी टोकलं की म्हणत, “राहू द्या ना. तुमाले काऊन चावून राह्यलं?”

एका दुपारी कोळशाच्या खाणीतले देवाजी धापा टाकत आले. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. बी निगेटिव्ह रक्त लागणार होतं आणि ते मिळत नव्हतं. हमीदभाईंनी शोध सुरू केला. मशीन घरघरली आणि जागा संपल्याची पाटी आली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तीच पाटी.

सफाई करा, मी म्हणालो. त्यांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. मी चिडलो, पोरगी तिकडे अडलीय म्हणालो.

“जुबेदा आहे त्यात,” ते हळूच म्हणाले.

जुबेदाभाभी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आपल्याच नियमाप्रमाणे त्यांनी त्याच दिवशी ‘जुबेदा – बायको – हमीदची’ हे वाक्य खोडलं होतं. खोडलं होतं, पण आत होतं.

देवाजी दुपट्टा मुठीत धरून उभे होते. हमीदभाईंनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं, चष्मा सदऱ्याला पुसला आणि हुकूम दिला.

त्यानंतर मशीन अशी पळाली की बस. बी निगेटिव्ह किशोर, किशोर पेपर मिलमध्ये, किशोरचा फोन शेजारच्या किराणा दुकानात. देवाजी त्याला गाडीवर मागे बसवून चंद्रपूरला घेऊन गेले. संध्याकाळी फोन आला. मायलेकी दोघी ठीक होत्या.

मी चहा घेऊन गेलो. आता लिहा परत ते वाक्य, कोण बघतंय, असं म्हणालो.

“खोटं कसं लिहू, भाऊ? आता थे नाई ना.”

मग त्यांनी एकेक अक्षर दाबत काहीतरी लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. ‘हमीद – नवरा – जुबेदाचा.’

“हे तं खरं आहे ना अजून?”

मी मान हलवली. त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला आणि शोधात ‘जुबेदा’ टाकलं. वाक्य लगेच वर आलं.