पुंकेसर न येणारा वर्ग

‘फुलाचे भाग’ हा पाठ या पृथ्वीतलावर माझ्याइतका कुणीही ऐकलेला नाही! आमचं विद्यापीठ दोन खोल्यांचं अध्यापक विद्यालय होतं, तेव्हापासून मी इथे घंटा देतो. आज चौदा विभाग झाले, लिफ्ट आली, पण आवारातली सराव शाळा तीच. होऊ घातलेला प्रत्येक शिक्षक तिथल्या पोरांवर हात साफ करून घेतो. आणि दर वेळी फूलच आणतो!

त्यामुळे पोरं लोणच्यासारखी मुरलेली. माझी सूनही अशीच शिक्षिका होऊ घातलेली. तिनं परीक्षेच्या पाठाला फूल नुसतं वर धरलं, तर वर्गानं पाकळ्या, पुंकेसर, सारांश आणि गृहपाठसुद्धा एका दमात म्हणून टाकला. पस्तीस मिनिटांचा पाठ चार मिनिटांत खलास! सून नापास. आता एकच संधी उरली. तीही हुकली, तर वर्ष वाया आणि ठरलेली नोकरी दुसऱ्याला.

“रडू नकोस, मी बसलोय ना!”

“बाबा, तुम्ही फक्त घंटा द्या हो,” ती हात जोडून म्हणाली.

ऐकेन तर मी कसला! मधल्या सुट्टीत पोरांना गाठलं. “उद्या काहीही विचारू देत, आपल्याला काही येत नाही. कळलं?”

“कळलं!”

दुसऱ्या दिवशी मी खिडकीबाहेर. सुनेनं फूल दाखवलं. “हे काय आहे?”

सगळा वर्ग दगड.

“फूल,” शेवटी तिनंच सांगितलं. “आता सांगा बरं, हे काय?”

“माहीत नाही, बाई!”

अर्ध्या तासात फूल कोमेजलं; सून त्याच्याही आधी. मग परीक्षक बाई उठल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाल्या, “बाळ, तुझं नाव काय?”

“अजून शिकवलं नाही, बाई.”

“असं बोलायला कुणी सांगितलं?”

चाळीस बोटं खिडकीकडे! मी झटकन वाकलो, पण टक्कल तेवढं वर राहिलं.

“आजोबा,” परीक्षक बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, “एकदाच सांगितलंत आणि चाळीसच्या चाळीस मुलांच्या डोक्यात बसलं. तीस वर्षांत इतका यशस्वी पाठ मी पाहिला नाही! पण तुमच्या सुनेला गुण कशाचे देऊ?”

नोकरी गेली, वर्षही गेलं. आता सून रोज संध्याकाळी घरीच सराव करते. वर्गात विद्यार्थी मी एकटा.

हे मी उंबऱ्याबाहेर उभा राहून लिहितोय. तिनं फूल वर धरलं, आणि माझ्या तोंडून ‘पुंकेसर’ निघून गेलं!