खिळ्यांत गेलेला तिसरा भाग

"बाबा, इथे कादंबरी ठेवली होती, ती कुठाय?"

"कादंबरी? ना पुठ्ठा, ना कव्हर. मला वाटलं रद्दी! खिळ्यांच्या पुड्या बांधल्या," बाबा शांतपणे म्हणाले. "कागद मात्र झकास होता हो. एक खिळा आरपार आला नाही."

हार्डवेअरवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. तासाभरात वाचक मंडळाची बैठक होती आणि आज तिसरा भाग त्यानं सांगायचा होता. जाडजूड कादंबरीची प्रत एकच, वाचणारे चौघं. म्हणून मंडळ चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकेनं ती सुरीनं चार भागांत कापून वाटली होती. आपला भाग वाचून न येणाऱ्याला मंडळातून डच्चू, हा त्यांचा नियम. हार्डवेअरवाल्याला पुस्तकांचं तसं काही नव्हतं. पण शिवणवर्गाच्या बाई दुकानात पाच मिनिटं थांबत आणि मंडळात दोन तास बसत. पंचेचाळिशीच्या एकट्या माणसाला एवढा हिशेब कळतो. लोक काय म्हणतील या भीतीनं बिचारा वर्षभर नुसता ऐकत बसला होता.

"हं, सुरू कर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. तो त्यांचा जुना विद्यार्थी. "विधवा नायिका घड्याळजीच्या दारात उभी आहे. पुढे?"

"पुढे... ती आत येते. पडद्याचे हुक मागते."

"घड्याळजीकडे?"

"तो खिळे, हुकही ठेवतो. भिंतीवरची घड्याळं टांगायला लागतात ना."

दातांच्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. चौथा भाग त्यांच्याकडे होता. "माझ्या पहिल्याच पानावर तो एकटा आगगाडीत बसलाय."

"हुकांचा माल आणायला," हार्डवेअरवाला घाईनं म्हणाला. एक थाप सावरायला दुसरी, आणि तिसरीपर्यंत त्याला थाप मारायची गरजच उरली नाही. "ती डझन मागते, तो मुद्दाम दोन कमी देतो. म्हणजे ती परत येईल. ती जाते तेव्हा तिच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकतो आणि मग गिऱ्हाईकाला भलतंच माप देतो. रोज ठरवतो, आज बोलायचं. बोलत नाही."

मुख्याध्यापिकेनं चष्मा काढून पुसला.

शिवणवर्गाच्या बाईंनी पर्समधून एक चुरगळलेलं पान काढलं. "तुम्ही मोजून ठेवलेले डझन हुक काल तुमच्या बाबांनी मला यात बांधून दिले. दहाच निघाले."

तो उठून उभा राहिला. "चुकलं माझं. मी वाचलेलंच नाही. मंडळ सोडतो."

"बसा हो. शेवटची ओळ ऐका." बाईंनी पान सरळ केलं. "'ती म्हणाली, इतके दिवस तुम्ही काही बोलला का नाहीत?'"

"मग तो काय म्हणतो?" त्यानं कसंबसं विचारलं.

"पुढचं पान कुणाच्या तरी खिळ्यांना गेलंय," बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्हीच सांगा."

तो परत बसला, या वेळी बाईंच्या शेजारच्या खुर्चीत. मुख्याध्यापिका एकदम उठल्या. "डॉक्टर, चला, चहा टाकू. चौथा भाग पुढच्या वेळी."

डॉक्टर दारापर्यंत गेले, थबकले आणि परत आले. ती आगगाडी शेवटपर्यंत परत येत नाही, हे त्यांनी कालच वाचलं होतं. त्यांनी चौथा भाग हळूच हार्डवेअरवाल्याच्या पिशवीत सरकवला.

"बाबांना द्या," ते म्हणाले. "कागद चांगला आहे."